‘सर, तुम्ही कोणाला मत दिलं?’ असं सहावीच्या मुलाने विचारलं तर

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हालाही कळेल.

तुम्ही जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवता, नोकरीचं हे दुसरं वर्ष. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं आणि त्यानंतर शाळा भरली त्या पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं, ‘सर, तुम्ही कोणाला मत दिलं?’ तुम्ही सांगितलंत आणि का दिलं तेही पाच-दहा मिनिटं समजावलंत. मधल्या सुट्टीत सहा-सात मुलं त्या पक्षाच्या घोषणा देत मैदानात फिरली. एक मुलगी मात्र पायरीवर रडत बसली, कारण तिचे वडील दुसऱ्या उमेदवाराचा प्रचार करत होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ‘सर, पोरांना राजकारण शिकवू नका.’ आता तुम्ही विचारता : मी नागरिक नाही का? मुलांशी खोटं बोलू का? की यापुढे गप्पच बसू?

मी १९८९ ला धुळे जिल्हा परिषदेत शिक्षिका म्हणून लागले आणि २०२२ ला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पहिली काही वर्षं तळोदा तालुक्यात काढली, तेव्हा नंदुरबार धुळ्यातच होता. जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला त्यानंतर मी शिंदखेडा आणि साक्री तालुक्यांत होते. तुमच्याकडून झालं ते माझ्याकडूनही झालेलं आहे, त्यामुळे अनुभवातूनच लिहिते.

तुम्ही नागरिक आहातच आणि तुमचं मत असलंच पाहिजे. अडचण वेगळी आहे. अकरा वर्षांच्या मुलाला तुमचं मत नाकारता येतं का? मोठ्या माणसाला पारावर तुम्ही मत सांगितलं तर तो वाद घालेल, हसेल, उठून जाईल. वर्गातलं मूल उठून जाऊ शकत नाही. त्याची वही तुम्ही तपासता, हजेरी तुम्ही घेता, पोट दुखलं तर घरी सोडायचं की नाही हे तुम्ही ठरवता. शिवाय त्याचा तुमच्यावर जीव असतो. खेड्यातल्या शाळेत तर ‘आमचे सर म्हणाले’ हा शेवटचा पुरावा असतो, त्यापुढे आईबापाचंही चालत नाही. मैदानात घोषणा देणाऱ्या त्या मुलांना पक्ष पटला असं समजू नका. त्यांना तुम्ही आवडता, एवढाच त्याचा अर्थ. आणि जी रडली तिला सर आणि वडील यांतून एकाला निवडायला लागलं.

माझी चूक सांगते. ग्रामपंचायतीची निवडणूक होती. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात, दोन पॅनल समोरासमोर होते. चौथीच्या वर्गात मी म्हणाले, ‘जे दारू पाजून मतं मागतात त्यांना गावाने निवडून देऊ नये.’ नाव कोणाचं घेतलं नाही. मला वाटलं, यात कसलं आलंय राजकारण, ही तर साधी नीतीची गोष्ट. पण रात्रीच्या जेवणावळी कुठे चालल्यात ते अख्ख्या गावाला माहीत होतं आणि त्या पॅनलमधल्या एका उमेदवाराचा मुलगा माझ्यासमोर तिसऱ्या ओळीत बसला होता. त्यांचं चिन्ह कपबशी. पोरगं महिनाभर वहीच्या समासात कपबश्या काढत होतं, कान असलेल्या, वाफ निघणाऱ्या. पुढच्या आठवड्यात शुद्धलेखन तपासायला वही घेतली तर प्रत्येक कपबशीवर पेन्सिलीने इतकं गिरगटलेलं होतं की कागद पलीकडून फाटला होता. वही परत घ्यायला आला तेव्हा त्याने हळूच विचारलं, ‘बाई, मना बाप वाईट शे का?’

मी जे बोलले ते खरंच होतं, आजही मी ते मागे घेणार नाही. पण खरं बोलण्याला जागा असते. तीच गोष्ट ग्रामसभेत उभं राहून मोठ्यांसमोर बोलायला हवी होती. तिथे मला उत्तर देणारी माणसं होती. मी ती नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगावर टाकली.

आता नियमाचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकाने हे माहीत करून घ्यावं. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, जिल्हा परिषद सेवकांचे १९६७ चे, दोन्ही एकाच धर्तीचे. सेवकाने मतदान जरूर करावं, पण आपण कोणाला मत देणार आहोत किंवा दिलं आहे याची जाणीव इतरांना होऊ देऊ नये, असं त्यात आहे. म्हणजे मुलाच्या प्रश्नाला तुम्ही दिलेलं उत्तर नियमातही बसत नव्हतं. हे भीती घालायला सांगत नाही. उलट यामुळे तुमची खोटं बोलण्याची अडचणच सुटते. ‘मतदान गुप्त असतं, म्हणून मी कोणालाच सांगत नाही’ हे पूर्ण खरं उत्तर आहे.

मात्र तेवढं बोलून फळ्याकडे वळू नका. प्रश्न विचारणारं मूल हुशार असतं, त्याला तिथेच तोडलं तर पुन्हा विचारणार नाही. मी काय करायचे ते सांगते. निवडणुकीला आपल्याच शाळेची खोली मतदान केंद्र होते. मीही केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा दुसऱ्या गावच्या शाळेत रात्र काढली आहे. मतदान झाल्यावर शाळा भरते तेव्हा भिंतीवर खोली क्रमांकाचे कागद तसेच असतात, बाक सरकवलेले असतात. मुलांचं सगळं लक्ष तिकडेच असतं. मग मी खोक्याचा पुठ्ठा तीन बाजूंनी दुमडून टेबलावर उभा करायचे आणि वर्गाचं मतदान घ्यायचे : सहल कुठे न्यायची, लळिंगचा किल्ला की सोनगीरचा? आधी हात वर करून, मग चिठ्ठीने.

एका वर्षीचं आठवतं. पाचवीचा वर्ग, पट अठ्ठावीस. हात वर करायला सांगितलं तर वर्गातल्या दांडग्या मुलाने लळिंगला हात केला आणि आजूबाजूला बघितलं. एकवीस हात लळिंगला. मग एकेकाला पुठ्ठ्यामागे पाठवलं. चिठ्ठ्या मुलांनीच मोजल्या, लळिंगला अकरा आणि सोनगीरला सतरा. वर्ग एकदम शांत झाला. मागच्या ओळीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, तिने विचारलं, ‘बाई, पहिले हात केला व्हता त्या खोटा व्हतात का?’ त्या एका प्रश्नावर आमचे दोन तास गेले. हात वर करताना आपण कोणाकडे बघतो, का बघतो, घरी आईला मत कोणाला द्यायचं ते कोण सांगतं, हे सगळं त्यात आलं. मी कोणत्याही पक्षाचं नाव घेतलं नाही आणि तरी त्या दिवशी माझ्या वर्गाने जेवढं राजकारण शिकलं तेवढं मी भाषण करून शिकवू शकले नसते.

म्हणून गप्प बसा असं मी म्हणणार नाही. खान्देशातल्या मुलाला राजकारणापासून दूर ठेवता येतच नाही. डिसेंबर-जानेवारीत कापूस घरात असतो आणि बाप भावाची वाट बघत असतो. २०१९-२० च्या हंगामात सातवीच्या एका मुलाने विचारलं, ‘बाई, सरकारने भाव ठरवलाय तर आमच्या कापसाला कमी का मिळाला?’ हा प्रश्न राजकीयच आहे. तो टाळला तर आपण कशाला शिकवतो? त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५५५० रुपये होता, मध्यम धाग्याचा ५२५५. मी मुलांना घरून कापूस विकल्याची पट्टी, म्हणजे वजन आणि भाव लिहिलेली पावती, आणायला सांगितली, नावाची बाजू दुमडून. वर्गात आकडे फळ्यावर मांडले. खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला दिलेला आणि सीसीआयच्या (सरकारच्या कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नेलेला, दोन रकाने. मग प्रत्येकाने घरी विचारून यायचं, आपण कापूस तिथेच का दिला.

उत्तरं काय आली बघा. केंद्रावर ओलावा मोजतात, आठ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि बारावर गेला की घेतच नाहीत. ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही, रांगेत दोन दिवस जातात. सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, पैसे लगेच हवे होते. एकाचे वडील म्हणाले, केंद्रावर सातबारा लागतो आणि तो काकांच्या नावावर आहे. शेवटी एका मुलाने विचारलं, मग चूक सरकारची की व्यापाऱ्याची? मी म्हटलं, तुमच्या वहीत तुम्हाला काय वाटतं ते लिहा आणि त्याच्याखाली ज्याला तसं वाटत नाही तो काय म्हणेल तेही लिहा. चुकीचं उत्तर यात नाही, पण कारण नसेल तर मी वही परत देणार. माझं स्वतःचं मत पक्कं होतं, मीही शेतकऱ्याचीच मुलगी आहे. ते मी सांगितलं असतं तर पंचवीस वह्यांत तेच एक वाक्य आलं असतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण नवीन शिक्षक घाबरून दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळ्याच गोष्टींत ‘दोन्ही बाजू असतात’ म्हणायला लागतात. खिचडीच्या पंगतीत एक मूल दुसऱ्याशेजारी बसायला नाही म्हणालं आणि कारण जातीचं असेल, तर तिथे दुसरी बाजू नाही. तिथे शिक्षकाने ठाम उभं राहायचं. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपवली आहे. मुलींनी शिकावं की नाही, एखाद्या धर्माच्या मुलाला चिडवावं की नाही, यांवर वर्गात मतदान घ्यायचं नसतं. कोणी पालक म्हणाले की बाई राजकारण करतात, तर पाठ्यपुस्तकातली उद्देशिका उघडून दाखवायची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ हेच सांगतं : शिकवणं संविधानातल्या मूल्यांना धरून हवं आणि मुलाला भीती न वाटता आपलं मत मांडता आलं पाहिजे. त्या कलमातल्या या दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. मूल्य तुम्ही द्यायचं, मत मुलाला बनवू द्यायचं.

बाकी बरंच परिस्थितीवर आहे, सरसकट नियम मी देणार नाही. पहिली ते चौथीत मी पक्ष, नेता हा विषय स्वतःहून कधीच काढला नाही. पाचवी ते सातवीत विचारलं तर पद्धत समजावायची, म्हणजे मत कसं देतात, ग्रामसभा कशी चालते, सरपंचाला काय करता येतं. दहावीला राजकीय पक्ष हा धडाच असतो. तिथे एखाद्या शिक्षकाने ‘हे माझं मत, आता याच्या विरुद्धचं सगळ्यात चांगलं कारण तुम्ही मला सांगा’ असा वाद घातला तर मला ते चुकीचं वाटत नाही. पण त्यासाठी वर्गात शिक्षकाला खोडून काढायची सवय आधी लागलेली हवी, आणि कोण काय बोललं याचा तोंडी परीक्षेच्या गुणांशी संबंध नाही याची मुलांना खात्री हवी. गाव कसं आहे तेही बघावं लागतं. शहरातल्या मोठ्या शाळेत मुलाला दिवसातून सहा शिक्षक भेटतात, एकाचं मत दुसऱ्याने तोललं जातं. दोनशिक्षकी शाळेत तुम्हीच सकाळ आणि तुम्हीच संध्याकाळ, तिथे तुमच्या शब्दाचं वजन तिप्पट.

सगळ्यात अवघड काळ माझा तळोद्याकडचा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं येत होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. तिथून उठवलेल्या काही कुटुंबांना तळोदा तालुक्यात वनजमिनीवर वसवलं आणि त्या जमिनीवर आधीपासून तिथलेच आदिवासी कसत होते. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं. एकाचं घर बुडालं, दुसऱ्याच्या बापाची शेती गेली. धरण बरोबर की चूक, हे मी त्या मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? तेव्हा मी तरुण होते आणि मनात राग भरपूर होता. सुदैवाने मी बोलले नाही. चित्रकलेच्या तासाला सांगितलं, आपलं गाव काढा. नर्मदेकाठून आलेल्या एका मुलाने अख्ख्या पानावर नदी काढली आणि खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं घर. शेजारच्या स्थानिक मुलाने विचारलं, एवढी मोठी? त्याने मान हलवली. मग नदीत काय काय असतं, मासे कसे धरतात, ते तो सांगत बसला, अर्धं पावरीत, म्हणजे त्याच्या आदिवासी बोलीत, अर्धं मराठीत, आणि दुसरा ऐकत होता. त्या मुलांना माझ्या मताची गरज नव्हती. आपलं घर सांगायला जागा आणि ऐकायला कोणीतरी हवं होतं.

यावर कोणीतरी साने गुरुजींचं नाव काढतंच, माझ्याही समोर अनेकदा निघालं. गुरुजींनी मुलांना देशासाठी घडवलं, मग आम्ही का नको? गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. १९३० ला कायदेभंगाच्या चळवळीत उतरायचं ठरवलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि मग उतरले. वर्गात होते तोवर मुलांची सेवा, छात्रालय, वाचन हे त्यांचं मुख्य काम होतं. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा हातात घेऊन गोळीला सामोरा गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. दरवर्षी मी ती गोष्ट वर्गात सांगितली आणि सांगताना माझा आवाज भरून यायचा, तो मी लपवला नाही. पण ती लढाई परक्या राजवटीशी होती. आज तुमच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी मतदार आहेत, सगळ्या पक्षांचे, आणि त्या सगळ्यांनी आपली मुलं तुमच्या हवाली केली आहेत.

आणखी दोन गोष्टी घाईत सांगते. तोंडाने न बोलताही मत कळतं. एखाद्या नेत्याचं नाव निघाल्यावर आपण तोंड कसं करतो, वाक्यात उपयोग करताना कोणाचं नाव घालतो, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला काय ठेवतो, हे मुलं आणि पालक रोज वाचतात. वर्गाच्या ग्रुपवर अभ्यासाशिवाय काही नको. आणि उद्या कोणी वजनदार माणूस म्हणाला की सर, मुलं सभेला पाठवा, तर नाही म्हणा. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ ला स्पष्ट सांगितलं आहे की प्रचाराच्या कोणत्याही कामात मुलांना वापरायचं नाही. ते पत्रक मुख्याध्यापकांच्या फायलीत ठेवून घ्या. संस्थेच्या शाळांतल्या शिक्षकांना हे जड जातं याची मला कल्पना आहे, तिथे एकट्याने नाही म्हणू नये, सगळ्यांनी मिळून म्हणावं.

मत मांडायला तुम्हाला जागा आहेत. ग्रामसभा आहे, शिक्षक संघटना आहे, तिथे आपल्या प्रश्नांवर हक्काने बोला. पुढे माध्यमिकला गेलात तर तीन वर्षांनी विधान परिषदेच्या नाशिक शिक्षक मतदारसंघातही तुम्हाला मत मिळेल. प्राथमिकला ते नाही, आणि ही खंत मला शेवटपर्यंत होती.

आता तुमचं पुढचं पाऊल. सोमवारी परिपाठानंतर वर्गाला सांगा, ‘परवा मी तुम्हाला माझं मत सांगितलं, ते सांगायला नको होतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी वेगळं मत असेल तर ते तितकंच मानाचं आहे.’ एवढंच, लांबवू नका. घोषणा देणाऱ्या मुलांना रागावू नका, त्यांनी तुमचंच ऐकलं होतं.

आणि त्या मुलीच्या वडिलांना शाळेत बोलावू नका, तुम्हीच त्यांच्या घरी जा. कपबशीवाल्या मुलाच्या घरी मी गेले होते. वडील ओट्यावर खाटेवर बसले होते, निवडणूक हरलेले. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही बोलल्या त्याचा राग नाही. पोरगं रात्री माझ्याजवळ झोपायला आलं नाही, त्याचा राग आला.’ मी त्यांची माफी मागितली. पोरगं दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकत होतं, आणि मला वाटतं माफी त्याच्या कानावर पडली म्हणूनच ती कामाला आली. तुम्ही जाल तेव्हा ती मुलगी घरात असेल अशी वेळ बघून जा.